चिमटीला मिळालेलं श्रेय

डाव्या तळहातावर अर्धा चमचा तंबाखू घ्यायची. डबीच्या दुसऱ्या टोकातून नखाने गव्हाच्या दाण्याएवढा चुना काढायचा. उजव्या अंगठ्याने तळहात गरम होईपर्यंत रगडायचं. मग बोटांनी दोन-तीन थापा मारायच्या, धूळ उडते, शेजारचा शिंकतो, आणि उरलेली चिमूट खालच्या ओठाआड जाते. मराठवाड्यात हे पाहिलं नाही असा माणूस सापडायचा नाही. बांधावर, एसटी स्टँडवर, तहसीलच्या पायऱ्यांवर हे सदा चाललेलं असतं, म्हणून त्याकडे कुणी निरखून बघत नाही. पण हीच चिमूट सकाळी साडेसातला, क्लासच्या टेस्टच्या अर्धा तास आधी, लातूरच्या एखाद्या हॉस्टेलच्या मागच्या भिंतीशी सतरा वर्षांचा मुलगा मळत असेल, तर मात्र निरखून बघायला हवं.

त्याच्या छातीत धडधडतंय, पोटात गोळा आलाय, हाताला घाम सुटलाय. मळायला मिनिट-दीड मिनिट लागतं. तेवढा वेळ नजर तळहातावर खिळते, श्वास आपोआप संथ होतो, शेजारी सोबती असतो आणि वर्गाचा दरवाजा नजरेआड असतो. चिमूट ओठात जायच्या आतच जीव थोडा खाली आलेला असतो. निकोटीन तोवर रक्तात पुरतं पोचलेलंही नसतं. चुन्यामुळे तंबाखू अल्कधर्मी होते आणि निकोटीन तोंडातल्या नाजूक त्वचेतून लवकर शोषलं जातं, हे खरं. तरीही तोंडातल्या तंबाखूचं निकोटीन रक्तात शिगेला जायला साधारण अर्धा तास लागतो. आणि पोचल्यावर ते धडधड कमी करत नाही, ठोके वाढवतं आणि रक्तदाब चढवतं. पहिल्या दोन मिनिटांचा दिलासा हाताच्या कामाचा, संथ श्वासाचा, सोबतीचा आणि आडोशाचा असतो. पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत भीतीची लाट, बहुतेक वेळा ओसरते तशी, आपली आपण ओसरते. मुलाच्या डोक्यात मात्र हिशेब असा बसतो: खाल्ली, म्हणून बरं वाटलं.

कोवळ्या वयातली चिंता पुढे व्यसनापर्यंत कशी पोचते, हे समजून घ्यायचं तर या चुकीच्या जमाखर्चापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. भीती उतरली तिच्या स्वतःच्या चालीने, आणि वहीत जमा झाली तंबाखूच्या नावावर. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, शंभराव्या दिवशी तीच नोंद. भीती काही न करताही उतरते, हे कळण्याची संधीच त्या पोराला मिळत नाही.

वयाचे दोन आकडे इथे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. अमेरिकेत नऊ हजारांवर लोकांच्या मुलाखती घेऊन झालेली एक मोठी पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात चिंतेचे आजार सुरू होण्याचं मध्यक वय निघालं ११ वर्षं, आणि दारू वा इतर पदार्थांच्या व्यसनाचं २०. मधे नऊ वर्षं आहेत. पाचवी-सहावीतलं लेकरू ते कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला तरुण, एवढा तो पल्ला. मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, हेही त्याच पाहणीतलं. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. साठ जणांच्या वर्गात चार लेकरं. त्या चौघांतली चिंतेची लेकरं गडबड करत नाहीत, त्यामुळे ती कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत.

अकरा वर्षांच्या मुलाची चिंता 'मला चिंता वाटते' असं सांगत येत नाही. ती पोटातून येते. सोमवारी सकाळी पोट दुखतं, शाळेची वेळ टळली की थांबतं. डोकं दुखतं, मळमळतं, रात्री आईच्या पदराला धरून झोपावंसं वाटतं. मुलगा पाहुण्यांसमोर येत नाही, दुकानात वस्तू मागायला धाकट्या भावाला पाठवतो, शाळेत लघवीला जायची परवानगी मागायला धजत नाही. घरात त्याला 'लाजाळू' म्हणतात, 'घाबरट' म्हणतात, नाहीतर 'लई गुणी लेकरू, कुणाच्या अध्यात ना मध्यात' म्हणून कौतुक करतात. आजी दृष्ट काढते. त्यात माया आहे आणि मायेनं मुलाला बरंही वाटतं, पण सोमवार परत येतोच. गावातले डॉक्टर जंताचं औषध देतात, ॲसिडिटीची गोळी देतात. वर्षानुवर्षं पोटावर इलाज होत राहतो.

मग काय, प्रत्येक घाबरं लेकरू व्यसनी होतं? नाही, आणि हे ठासून सांगायला हवं, कारण अर्धवट माहितीने आईबापाच्या जिवाला घोर लागतो. या विषयावरचे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. आईबापापासून दूर जायची भीती असलेली काही मुलं तर दारूकडे उशिरा वळतात, कारण ती घर सोडत नाहीत, टोळक्यात जात नाहीत, नियम मोडायला भितात. ही भीती त्यांचं काही काळ रक्षणच करते. निरनिराळे अभ्यास एकत्र मांडले तर असं दिसतं की चिंतेची मुलं पुढे इतरांपेक्षा जास्त वेळा किंवा जास्त पितातच, असं खात्रीने म्हणता येत नाही. पण दारूच्या विळख्यात अडकण्याशी चिंतेचं नातं त्याहून ठळक दिसतं. ती किती घेतात यापेक्षा कशासाठी घेतात, इथे खरी मेख आहे. चारचौघांत मजा म्हणून घेणं, मित्र आग्रह करतात म्हणून घेणं आणि जीव घाबरतो म्हणून एकट्याने घेणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरीची सवय सगळ्यांत चिवट, कारण भीती रोज येते आणि दर वेळी तिला तेच उत्तर लागतं.

चिंतेच्या प्रकारांत सगळ्यांत जास्त काळजी करण्यासारखी आहे ती चारचौघांची भीती. चार लोक बघतील, हसतील, आपण चुकू, अशी सतत धास्ती. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात शाळकरी मुलांना ती जवळजवळ तिशीची होईपर्यंत पाठपुरावा करून तपासलं गेलं. सुरुवातीला ज्यांना ही भीती आजाराच्या पातळीवर होती, त्यांच्यात पुढे दारूच्या अवलंबित्वाची शक्यता साडेचार पट आणि गांजाच्या अवलंबित्वाची साडेसहा पट निघाली. एका राज्यातला हा एक अभ्यास आहे, तो जसाच्या तसा उचलून परभणी-हिंगोलीला लावता येणार नाही. पण यंत्रणा ओळखीची आहे. खेड्यातून आलेला मुलगा, बोली वेगळी, इंग्रजी कच्चं, कपडे साधे, पहिल्यांदाच दीडशे जणांच्या बॅचमध्ये बसलेला. गावात तो पहिला यायचा. इथे रँकची यादी लागते आणि आपलं नाव तिसऱ्या पानावर शोधावं लागतं.

धागा उलट्या दिशेनेही जातो, हे विसरून चालत नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किशोरवयात दिवसाला वीस वा अधिक सिगारेटी ओढणाऱ्या मुलांना तरुणपणी पॅनिक (अचानक येणारे भीतीचे झटके), गर्दीची वा मोकळ्या जागेची भीती आणि सततची चिंता यांचा धोका वाढलेला आढळला. चिंतेमुळे पुढे सिगारेट वाढली, असं मात्र त्या अभ्यासात दिसलं नाही. म्हणून 'टेन्शनमुळे खातोय' हे वाक्य ऐकलं की मी थांबतो. कधी ते खरं असतं, कधी खाण्यामुळेच टेन्शन असतं, आणि वर्षभरात दोन्ही एकमेकांत असे गुंतून जातात की आधी काय होतं ते त्या मुलालाही सांगता येत नाही.

ते कसं गुंततं ते पदार्थागणिक बघू. निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. सवय झालेल्या मेंदूला ते कमी पडलं की चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणं, हातपाय चुळबुळणं सुरू होतं. ही लक्षणं चिंतेसारखीच, इतकी की वेगळी ओळखता येत नाहीत. तीन तासांच्या पेपरात दुसऱ्या तासाला जी घालमेल होते ती भौतिकशास्त्राची की तलफेची? मुलगा म्हणतो, पेपरची. बाहेर येऊन चिमूट भरली की ती जाते, आणि तंबाखूच्या खात्यावर आणखी एक जमा. खरं तर तंबाखूने स्वतःच उभी केलेली घालमेल तंबाखूने मिटवलेली असते. सिगारेट सोडलेल्या लोकांच्या पाहण्या एकत्र करून २०१४ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यात सोडणाऱ्यांची चिंता काही आठवड्यांनी न सोडणाऱ्यांपेक्षा कमी झालेली दिसली. हे मुलांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. त्यांचा अनुभव पहिल्या चार दिवसांचा असतो आणि ते चार दिवस खरोखरच वाईट असतात.

इथे तंबाखूबद्दलच एवढं बोलण्याला कारण आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर न करता तंबाखू खाणारे २४.४ टक्के निघाले, ओढणारे फक्त ३.८. आपला पदार्थ हा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत तंबाखू विकायला मनाई आहे, आणि बाल न्याय कायद्याच्या ७७व्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू वा नशेची वस्तू दिली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. टपरीवर उभं राहून बघितलं तर या कायद्यांचा मागमूस लागत नाही. याची चीड यावी, एवढी ही गोष्ट गंभीर आहे.

दारूचं गणित वेगळं. ती मेंदूतला शांत करणारा रेटा वाढवते आणि उत्तेजित करणारा दाबते, म्हणून पहिल्या क्वार्टरला जीभ सुटते, चारचौघांत वावरता येतं. मेंदू तोल सांभाळायला उलट बाजूने जोर लावतो. दारू उतरते, तो जोर उरतो. सकाळी जाग येते तीच छातीत धस्स होऊन, हाताला बारीक कंप. ज्याला मुळातच भीती आहे त्याला ही सकाळ इतरांपेक्षा जास्त जाचते. गांजाचंही तसंच दुतोंडी: थोड्या मात्रेत निवांत वाटतं, जास्त मात्रेत तोच भीतीचा कडेलोट करतो, आणि चिलमीत किती जोर आहे हे ओढणाऱ्याला आधी कळत नाही.

आणि गोळ्या. छत्रपती संभाजीनगरात 'बटन' म्हणून ज्या विकल्या जातात त्या मुळात झोपेच्या औषधाच्या, नायट्राझेपामच्या. या गटातली औषधं चिंता खरोखर पटकन कमी करतात, म्हणूनच ती सगळ्यांत फसवी. काही आठवड्यांत तेवढ्याने भागत नाही, दोन लागतात, मग तीन. अभ्यास करणाऱ्या पोरासाठी त्यात आणखी एक घात आहे: गोळीच्या अमलाखाली वाचलेलं नीट साठवलं जात नाही. परीक्षेच्या भीतीवर घेतलेली गोळी परीक्षेचा अभ्यासच खाते. घरात आजोबांना झोपेसाठी लिहून दिलेली पट्टी उघड्या फडताळात असेल तर ती आजच मोजून कुलपात ठेवावी.

लहान मुलांत एक प्रकार याहून आधी येतो. पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर फडक्यावर घेऊन हुंगणं. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हा एकच प्रकार असा निघाला की त्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त होतं. तो स्वस्त असतो, दुकानात मिळतो, आणि पहिल्या वेळीसुद्धा हृदयाचा ठोका चुकवून जीव घेऊ शकतो.

भीती म्हटली की आपल्या भागात आणखी एक प्रश्न उभा राहतो. इथली भीती नेहमी खोटी नसते. पाऊस दगा देतो, सोयाबीनचा भाव पडतो, बापाच्या डोक्यावर सोसायटीचं आणि सावकाराचं दोन्ही कर्ज असतं, आणि क्लासची फी त्यातूनच भरलेली असते. बीडकडची लेकरं दिवाळीच्या सुमारापासून आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्यावर जातात ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात. पाच-सहा महिने. अशा लेकराला 'घाबरू नको, काही होत नाही' म्हणणं म्हणजे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवणं. त्याला कारण असलेली काळजी आहे, आणि तिला मोठ्या माणसाने खरं उत्तर द्यायला हवं: कर्ज किती, ते कसं फिटणार, ते फेडणं तुझं काम नाही. एवढं स्पष्ट बोललेलं मुलांना पेलतं. दाराआड चाललेली कुजबुज पेलत नाही.

आजार म्हणायचं कधी, याला ढोबळ कसोटी आहे. भीती कित्येक महिने टिकली, कारणाच्या मानाने फार मोठी वाटली, आणि मुख्य म्हणजे तिच्यामुळे मुलगा गोष्टी टाळू लागला. टाळणं ही सगळ्यांत खात्रीची खूण. मेसमध्ये जेवायला न जाता खोलीवर बिस्किटं खाणं, तोंडी परीक्षेच्या दिवशी आजारी पडणं, गावाकडच्या लग्नाला न जाणं. सात प्रश्नांची एक साधी मापनपट्टी जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थता, न थांबणारी काळजी, चिडचिड वगैरे किती वेळा झालं, दर प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस. दहा किंवा वर आले तर डॉक्टरकडे जायचं. ती निदान करत नाही, पुढे तपासायचं की नाही तेवढं सांगते.

मुलींची गोष्ट वेगळी सांगावी लागते. त्यांची भीती चक्कर, डोकेदुखी, पाळीच्या तक्रारी अशा वेषात येते. तंबाखू त्यांच्यापर्यंत मशेरीच्या रूपाने पोचते, आजी-आईच्या हातून, दात घासायच्या निमित्ताने, सकाळी एकदा म्हणून सुरू झालेली आणि मग दिवसातून चारदा. तिला कुणी व्यसन म्हणत नाही, म्हणून सोडवायचा विचारही होत नाही. आणि डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की 'पोरीच्या लग्नाचं कसं होईल' हा प्रश्न आडवा येतो.

आता उपाय. चिंतेवर चांगला अभ्यासलेला इलाज म्हणजे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याची विचार-वर्तन पद्धत. साधारण बारा ते सोळा आठवड्यांचं काम. २००८ मध्ये ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनी या पद्धतीने सुमारे ६० टक्के मुलं स्पष्टपणे सुधारली, सर्ट्रालिन या औषधाने ५५, दोन्ही मिळून ८१, आणि नुसत्या साखरेच्या गोळीने २४. दुसरा एक छोटा अभ्यास मला याहून मोलाचा वाटतो. लहानपणी या पद्धतीने उपचार मिळालेल्या मुलांना सात-साडेसात वर्षांनी पुन्हा गाठलं, तेव्हा ज्यांची चिंता उपचाराने आटोक्यात आली होती त्यांच्यात नशेच्या पदार्थांशी संबंध इतरांपेक्षा कमी होता. अकरा आणि वीस यांच्या मधल्या नऊ वर्षांत करण्यासारखं काही आहे, हे त्यातून दिसतं.

ही पद्धत हातात घ्यायची कशी? समजा, वर्गात तोंड न उघडणारा मुलगा आहे. त्याच्याबरोबर बसून शिडी लिहायची, प्रत्येक पायरीला दहापैकी भीतीचे गुण त्यानेच द्यायचे. मेसमध्ये गर्दी नसताना बसून जेवणं, तीन. ऐन गर्दीत जेवणं, चार. तास संपल्यावर सरांना एकट्याने शंका विचारणं, पाच. भरल्या वर्गात कागदावर लिहिलेला प्रश्न वाचून विचारणं, सात. न लिहिता विचारणं, आठ. फळ्यापाशी जाऊन गणित सोडवणं, नऊ. सुरुवात तीनच्या पायरीपासून. एक पायरी रोज, निदान आठवड्यातून चार-पाचदा, आणि प्रत्येक वेळी तिथे भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. सुरुवातीला वीस मिनिटं, कधी चाळीस. पायरी कंटाळवाणी वाटायला लागली की वरची घ्यायची.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. उत्साहाच्या भरात थेट आठची पायरी घेतली जाते, मुलगा गांगरतो आणि शिडीच सोडतो. किंवा भीती शिगेला असताना उठून जातो. मग मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. आठवड्यातून एकदाच केलं तर मधल्या सहा दिवसांत सगळं धुऊन जातं. पण सगळ्यांत बारीक चूक दिसतच नाही. मुलगा पायरी करतो खरी, पण कानात इअरफोन, शेजारी नेहमीचा मित्र, ओठात चिमूट. अशा कुबड्या घेऊन दहा वेळा मेसमध्ये गेला तरी श्रेय कुबडीलाच जातं. म्हणून चिमूट सोडवणं आणि भीतीवर काम करणं ही दोन वेगवेगळ्या महिन्यांतली कामं नव्हेत. पायरीच्या अर्धा तास आधी आणि पायरी चालू असताना काही खायचं नाही, एवढं तरी पहिल्या दिवसापासून ठरवावं. श्वासाचा सराव उपयोगी आहे: चार मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. तो शांत वेळी दिवसातून दोनदा घोटावा लागतो. ऐन घाबरगुंडीत पहिल्यांदा करून बघणाऱ्याला उलट गुदमरल्यासारखं होतं.

घरच्यांकडून होणारी चूक मायेपोटी होते. रविवारी फोन येतो. 'जेवलास का रे?' हा पहिला प्रश्न, 'टेस्टला किती पडले?' हा दुसरा, आणि तिसऱ्याला जागा उरत नाही. मुलगा 'घाबरायला होतंय' म्हणाला, तर 'कशाला घाबरतोस, आम्ही आहोत ना' असं दिवसातून पाचदा सांगितलं जातं. या दिलाशाचीही तलफ लागते, दर तासाला फोन येऊ लागतो. त्यापेक्षा 'बरं, किती आहे दहापैकी? मागच्या खेपेला किती वेळात उतरलं होतं?' असं विचारावं. मुलाला परत आणायचा निर्णयही घाईने घेऊ नये. पण मरणाचे विचार, स्वतःला इजा, जेवणझोप सुटणं यांतलं काही असेल तर त्याच दिवशी गाडी धरून जवळ जावं. तिथे शिडी-बिडी काही नाही.

तंबाखू सोडायची तारीख टेस्टच्या आठवड्यात ठेवू नये. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत अवघड, आठवड्याने उतार, दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास जातो. प्रत्येक तलफ काही मिनिटांचीच असते. घड्याळ लावून दहा मिनिटं पुढे ढकलायची, पाणी प्यायचं, हात गुंतवायचे. मळण्याच्या सवयीने हात रिकामे राहत नाहीत, म्हणून बडीशेप किंवा ओव्याची डबी त्याच खिशात ठेवल्याने खरोखर मदत होते. निकोटीनचं च्युइंगम अठरा वर्षांखालच्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावं. दारू रोज लागत असेल किंवा झोपेच्या गोळ्या कित्येक आठवडे चालू असतील, तर मात्र एका दिवसात बंद करू नये. झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा उतरवत करायचं काम आहे.

जायचं कुठे? शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६, तंबाखूसाठी १८००-११-२३५६. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथे केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येतं. दहा ते एकोणीस वयासाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत. डॉक्टरांनी चिंतेवरची रोजची गोळी सुरू केली तर तिचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढू शकते, आणि पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीला जास्त लक्ष ठेवावं लागतं. गुण येईना म्हणून दहाव्या दिवशी सोडून देणारे पुष्कळ. पटकन बरं वाटणारी, 'बटन'च्याच गटातली गोळी लिहून मिळाली तर मात्र 'ही किती दिवस घ्यायची?' हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.

मुलगा खातो हे कळलं तर 'खातोस का?' हा प्रश्न फुकट जातो, उत्तर 'नाही' येतं. 'केव्हा केव्हा खावीशी वाटते?' याला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. शंभर पानी वहीत पाच रकाने आखून द्यावेत: वेळ, जागा, भीती दहापैकी किती, खाल्ली की नाही, भीती किती मिनिटांनी उतरली. दोन आठवडे नुसतं लिहायचं, सोडायचं काही नाही. पहिल्या आठवड्यातच वेळा उघड्या पडतात. सकाळी ७:४०, टेस्टच्या आधी. दुपारी १:१०, मेसच्या दाराशी. रविवारी रात्री ९, घरचा फोन ठेवल्यावर. पुढे कधीतरी डबी खोलीवर विसरलेली असते, किंवा सोबती गावाला गेलेला असतो, आणि चौथ्या रकान्यात 'नाही' पडतं. त्या ओळीच्या पाचव्या रकान्यात जो आकडा येईल, बावीस असो की पस्तीस, त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करून पुढच्या भेटीला ती वही बरोबर न्यावी.